मागच्या रानासाठी गाडी

१९ ऑगस्ट, शनिवार

आज फरसबी मोडताना एक जुनी दुपार आठवली. माझी लेक लिझेट तेव्हा पाळण्यात होती, म्हणजे चाळीसहून जास्त वर्षं झाली. बाहेर पाऊस लागला होता, बटाट्याच्या शेतात पाय ठेवता येत नव्हता, म्हणून आम्ही तिघं स्वयंपाकघरात. मी कुट्टूच्या पिठाची धिरडी काढत होते. माझा नवरा आल्सिद मूस हरणाच्या शिकारीच्या परवान्याचे अर्ज भरत होता, एक स्वतःच्या नावाचा, एक माझ्या. माझा थोरला दीर रोझेर टेबलाच्या पलीकडे बसून अर्जामागची मुंगीएवढी अक्षरं उलटीच वाचून दाखवत होता.

"आल्सिद, इथे लिहिलंय, अर्ज करणाऱ्या बाईने आयुष्यात एक तरी उंदीर मारलेला असावा."

"असं काही लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

"सिस्टर, तू मठाच्या शाळेत शिकलीस. तुला सरकारी भाषा कळायची नाही."

तिघंही हसलो. एक धिरडं करपलं, ते रोझेरनेच खाल्लं. त्या दुपारी याहून जास्त काही घडलं नाही. आणि आता वाटतं, याहून जास्त काय घडायला हवं होतं?

त्यानंतर आल्सिदने दर वर्षी दोन अर्ज पाठवले. परवान्यांच्या सोडतीत ना त्याचं नाव निघालं, ना माझं. त्याला जाऊन दोन वर्षं झाली. या वर्षी सवयीने मी दोन्ही अर्ज घेऊन बसले, मग एक घडी करून चुलीत घातला. दुसरा पाठवला. आणि जूनमध्ये नाव निघालं, लोरेट शासे! ज्या बाईने अजून उंदीरही मारलेला नाही.

परवान्यावर आणखी एकाला बंदूक चालवता येते. मी रोझेरचं नाव लिहिलं. तो एकोणऐंशीचा आहे. दोघा भावांनी जन्मभर ठरवलं होतं की मूस मारायचा तर आपल्याच मागच्या रानात. "या ऑक्टोबरात जमलं तर जमलं," रोझेर म्हणाला. "पुढच्या वर्षाचं मी कुणाला सांगत नाही." एरवी हा माणूस पुढच्या दहा वर्षांच्या बढाया मारतो, म्हणून ते बोलणं माझ्या मनात राहिलं.

अडचण एकच. मागचं रान म्हणजे दोन मैल दगडधोंडे, मग देवदारांची दलदल, मग ओढा, आणि मग टेकडीवरची ती मोकळी जागा. रोझेरच्या गुडघ्यांनी तिथे पोचणं शक्य नाही. आल्सिदचा जुना ट्रक गेल्या हिवाळ्यात मधोमध मोडून भंगारात गेला. आणि मूस मिळालाच तर घोड्याहून मोठं ते धूड बाहेर ओढायचं कशाने?

तेव्हा गाडी हवी. चारही चाकं ओढणारी, जुनी, चार हजार डॉलरच्या आतली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याआधी.

२३ ऑगस्ट

कॅरिबू गावच्या रस्त्यावर रॅन्डल नावाच्या माणसाचा जुन्या गाड्यांचा धंदा आहे, तिथे जाऊन आलो. माझी छोटी गाडी मीच चालवली. "तूच चालव, तुझा हात बसलाय," रोझेर म्हणाला. पूर्वी बायकांनी गाडी चालवली की हा डोळे मिटून जपमाळ ओढायचा. म्हातारपण माणसाला सभ्य करतं.

तिथे एक लाल ट्रक होता, थेट आल्सिदच्या ट्रकच्या रंगाचा. मी पाहताक्षणीच भुलले, हे कबूल करते. उंच चाकं, नवं कोरं बॉनेट, आणि खालून सगळा सांगाडा काळ्याशार रंगाने चकचकीत. मी बॅटरी घेऊन वाकून पाहिलं. आरशासारखा!

"आजोबा, अशी गाडी पुन्हा मिळायची नाही," रॅन्डल म्हणाला.

"आजोबा तुझ्या बापाला म्हण. पुठ्ठा आहे का एखादा?"

रॅन्डलने पुठ्ठा आणून दिला. रोझेर त्यावर आडवा होऊन गाडीखाली सरकला. मी बॅटरी पुढे केली, ती त्याने घेतलीच नाही. नुसते हात फिरवत राहिला, एखादा घोड्याचे पाय तपासतो तसा. मग कुठेतरी थांबला आणि त्याने अंगठ्याने दाबलं. करकरीत आवाज झाला, आणि अंगठा आत!

"रॅन्डल, ही गाडी नाही बाबा, हा पाव आहे. वरून खरपूस आणि आत भुसभुशीत."

हिवाळाभर रस्त्यावर टाकलेलं मीठ गाड्यांची हाडं खातं, हे या खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक. आल्सिदचा ट्रक असाच गेला. तरी मी रंगाला फसले. रॅन्डलचे कान लाल झाले होते. त्याने लिलावात घेतलेला ट्रक, त्यालाही माहीत नव्हतं म्हणे. मी विश्वास ठेवला. रोझेरने ठेवला नाही.

त्या ट्रकच्या पायरीवर रोझेरचा पाय दोनदा चुकला होता. पायरी फार उंच होती.

२६ ऑगस्ट

आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मिस एलियट यांची गाडी पाहिली. काय आसनं! जणू कुणी मांडीवर घेतलंय. आत लॅव्हेंडरचा वास. चारही चाकांना जोर, आणि किंमतही त्यांनी आपणहून कमी केली. मी मनातल्या मनात पडदे लावून टाकले होते.

रोझेरने गाडीच्या पोटाखाली हात घातला. उभी मूठसुद्धा जेमतेम मावली.

"पहिल्याच दगडावर हिचं पोट अडकेल. ही रविवारी चर्चात मिस्साला जायची गाडी आहे, लोरेट."

"माझी पाठसुद्धा एकाहत्तर वर्षांची आहे, तिचा कोणी विचार करायचा?"

"तुझी पाठ नन्सनी सरळ केलीये. तिला काही होत नाही."

मी फुरंगटले. परतताना औषधांच्या दुकानात थांबलो तर त्याने बाटली माझ्या हातात दिली. "वाच जरा. तुझा आवाज ऐकला की औषध लवकर लागू पडतं." या वयात ही चेष्टा! दिवसातून दोनदा, दोन दोन थेंब. मी वाचून दाखवलं आणि माझा राग गेला.

२ सप्टेंबर

सापडली! म्हणजे रोझेर म्हणतो की सापडली.

फर्नां एबेर हा आमचा शेजारी, नदीच्या काठाने त्याची बटाट्याची शेतं. त्याच्या कोठारामागे एक जुनी चौकोनी जीप आहे. इतकी कुरूप वस्तू मी आजवर पाहिली नाही. वाटाण्याच्या सुपासारखी हिरवी, एक दार तपकिरी, मागच्या आसनातून गवत बाहेर आलेलं, पुढे लोखंडी दोर गुंडाळायची चरखी.

"हिच्याकडे कशाला बघता?" फर्नांच म्हणाला. "ही चोवीस वर्षं शेताबाहेर गेलेली नाही. पिंपं ओढते, दगड ओढते. रस्त्याचा हिला परवानाही नाही."

"म्हणजे मीठ लागलेलं नाही," रोझेर म्हणाला. लगेच पुठ्ठा मागितला. बराच वेळ खाली होता. बाहेर आला तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत तेलाने काळे आणि चेहरा सणाच्या दिवसासारखा. फर्नां दर हिवाळ्याआधी खालून जुनं तेल मारतो. लोखंड आहे तसं जाड.

"रंग बरा आहे ना?" त्याने मला हळूच विचारलं.

"रोझेर! वाटाण्याचं सूप आहे ते. आणि एक दार तपकिरी."

"हिरवी का? वा. रानात दिसायची नाही."

या माणसाच्या थट्टेला काही सुमार नाही. पण मी चढून पाहिलं: पायरी खाली, बसायची जागा माझ्या खुर्चीएवढीच उंच. गुडघ्यांना सोपी. आणि आमच्या रानात दलदलीच्या तोंडाशी दोन देवदार आहेत, आल्सिदने ते कधी तोडू दिले नाहीत. त्यांच्यामधून रॅन्डलचा तो रुंद ट्रक जाणारच नव्हता. हे आम्हा दोघांपैकी कुणालाही आजपर्यंत सुचलं नव्हतं. फर्नांची बायको थेरेझ हिने शिवणाची टेप आणून जीप मोजली. मी परतल्यावर रानात जाऊन झाडांमधलं अंतर मोजलं. दोन्ही बाजूंना चार चार बोटं जागा उरते.

फर्नांने अठ्ठावीसशे सांगितले. मी गुपचूप हो म्हणणार होते, तर तोच म्हणाला, "पंचवीसशे. मी आल्सिदच्या घरात विकतोय." पण अट घातली: बटाटे काढून होईपर्यंत जीप शेत सोडणार नाही.

बटाटे काढून व्हायला ऑक्टोबर उजाडतो. आता सगळं पावसावर.

१७ सप्टेंबर, रविवार

पाऊस. शाळांना बटाटे काढायची सुट्टी लागली आणि पोरं घरात बसून आहेत. फर्नांच्या शेतात चिखल. मिस्सानंतर सगळे एकच विषय बोलत होते.

दुपारी उघडलं तेव्हा नेमबाजीचा सराव केला. पिंपाचं झाकण साठ पावलांवर टांगलं. मला वाटलं होतं, रोझेर मारेल आणि मी कौतुक करीन. पण तो बंदूक हातात घेतच नाही.

"मी साठ वर्षं गोळ्या मारल्या. तू मार, मी ऐकतो."

आणि खरंच ऐकतो! माझी गोळी सुटली की म्हणतो, "वर गेली." "डावीकडे." मला वाटलं फुशारकी. जाऊन पाहिलं तर दर वेळी बरोबर.

"श्वास घे," तो म्हणाला. "अर्धा सोड. तिथे थांब. मग." मी चकितच झाले. मठातली सिस्टर सेंट हिलेर आम्हाला गाण्याच्या तासाला हेच सांगायची, शब्दही हेच. पंचावन्न वर्षांनी तो श्वास बंदुकीच्या कामी आला. तिसऱ्या फेरीत झाकण वाजलं, आणि रोझेरने टोपी हवेत उडवली. ती त्याला बराच वेळ सापडेना. अगदी पायाशी पडली होती.

इथे खरं लिहायला हरकत नाही. मला भीती वाटते. झाकण वेगळं आणि डोळे असलेलं जनावर वेगळं. दुसरी शंका अशी की रोझेरला आता शिकारीत रसच उरलेला नाही. मला एकटं वाटू नये म्हणून तो येतोय. तसं असेल तर या म्हाताऱ्याला मी उगाच दलदलीत ओढते आहे. विचारायला हवं. विचारलं नाही.

५ ऑक्टोबर, गुरुवार

जीप आली! फर्नांची बटाट्याची पाच दिवसांची खोदाई अजून बाकी आहे, तरी सकाळी दारात हजर. "पिंपं भावाच्या ट्रॅक्टरने ओढतो. सोमवारपासून तुमचा शिकारीचा आठवडा, तुम्ही हात कधी बसवणार?" मागच्या आसनातलं गवत काढून थेरेझने तिथे जुनी गोधडी शिवून टाकली आहे. रस्त्याचे कागदही फर्नांनेच करून आणले.  पंचवीस धिरडी आणि डुकराच्या कीम्याचा डबा दिला. तो उभ्याउभ्या निम्मी खाऊन गेला.

दुपारी पहिली फेरी. देवदारांमधून लोण्यातून सुरी जावी तशी गेले. मग दलदल. दुसरा दांडा खाली ओढला, चारही चाकांना जोर लागायला हवा, पण मागची दोनच चाकं फिरली आणि आम्ही आसापर्यंत रुतलो. मी पुन्हा पुन्हा दांडा ओढते आहे, इंजिन किंचाळतं आहे.

"सिस्टर, पुढच्या चाकांना कुणी उठवलं का?"

पुढच्या चाकांच्या मधोमध एकेक कळ असते, ती खाली उतरून हाताने फिरवावी लागते. फर्नांने दोनदा सांगितलं होतं. मी विसरले. रोझेर गुडघ्याएवढ्या चिखलात उतरला, गाडीला हात लावून लावून पुढे गेला, चिखलात हात घालून कळ शोधली, फिरवली, पलीकडे जाऊन दुसरीही फिरवली. "आता हाक." आणि ती कुरूप जीप एखादी म्हैस डबक्यातून उठावी तशी उठून बाहेर आली.

टेकडीवर पोचलो. दोन वर्षांनी. बर्चची पानं पिवळीधमक, खाली ओढ्याचा आवाज. रोझेर खूप वेळ तोंड वर करून उभा होता. "सांग ना कसं दिसतंय," म्हणाला. मी म्हटलं, "समोरच तर आहे." तरी म्हणाला, "तू सांग. तुला सांगता येतं." मग मी एकेक झाड सांगितलं. छान दुपार गेली.

८ ऑक्टोबर, रविवार

लिझेटचा बँगोरहून फोन.

"आई, काकांना जीप चालवू देऊ नकोस हं."

"तो मागतच नाही. का गं?"

"काही नाही. तूच चालव." मग फोन ठेवता ठेवता, "बंदूक पण तूच धर."

मुली आईला एवढं भित्रं का समजतात कोण जाणे.

१० ऑक्टोबर, मंगळवार

कालचा दिवस कोरा गेला. आज झालं ते सगळं लिहिते.

उजाडायच्या सुमारास टेकडीखाली जीप ठेवली. गाडीतून गोळी झाडायला मनाई आहे आणि ते बरोबरच आहे. तिथून शंभर पावलं चाललो. पानं निसरडी आहेत म्हणून रोझेरने माझ्या खांद्यावर हात ठेवला. ती निसरडी नव्हती. गोठलेल्या दहिवराने कडक झाली होती.

तो ओंडक्यावर बसला आणि बर्चच्या सालीचा कर्णा तोंडाला लावून मूसच्या मादीसारखा हंबरला. माझ्या अंगावर काटा आला. मग शांतता. अर्धा तास. मला काहीच ऐकू येत नव्हतं. त्याने हात उचलून ओढ्याकडे बोट केलं. "येतोय. एकटा. मोठा आहे, शिंगं फांद्यांना लागतायत." आणखी दहा मिनिटांनी मला पहिली काटकी मोडल्याचा आवाज आला.

मूस उघड्यावर आला. साठ पावलं. ऊन नुकतंच त्याच्या पाठीवर पडलं होतं, नाकातून वाफ निघत होती, शिंगं चर्चच्या दारासारखी उघडलेली. माझ्या मांडीवर बंदूक. मी ती रोझेरकडे सरकवली, कारण हा त्याचा आणि आल्सिदचा मूस, मी कोण?

त्याने ती हळूच परत माझ्याकडे लोटली.

"कुठे आहे?" त्याने कानात विचारलं.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो सरळ समोर बघत होता. मूसच्या थोडं डावीकडे.

"मोठ्या बर्चच्या उजवीकडे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "आडवा उभा आहे. मान आपल्याकडे."

"खांदा दिसतोय?"

"हो."

"मग श्वास घे, लोरेट."

घेतला. अर्धा सोडला.

एकच गोळी. तो चार पावलं गेला आणि बसला, एखादा थकलेला माणूस बसतो तसा. रोझेर म्हणाला, "लागली. हलू नकोस, त्याला निवांत जाऊ दे." दोघांनी टोप्या काढल्या. मी 'नमो मरिये' ही प्रार्थना म्हटली आणि मध्येच रडू फुटलं. किती गोष्टींसाठी ते मला वेगळं करून सांगता येणार नाही.

मग मी रोझेरचा हात धरून त्याला मूसपाशी नेलं. त्याने शिंगांवरून हात फिरवला, एकेक टोक मोजलं. "चौदा," म्हणाला. मान, कान, पाठ. सगळं हातांनी पाहिलं. "आल्सिद असता तर म्हणाला असता, माझा याहून मोठा असता."

"आणि तू काय म्हणाला असतास?"

"म्हणालो असतो, बायको तुझी, गोळी तिची, तू गप बस."

फर्नां आणि त्याचा भाऊ गोळीचा आवाज ऐकून खोदाई सोडून आले. कापाकापी त्यांनी केली. जीपने चरखीने एकेक भाग दलदलीतून ओढला, एकदाही कुरकुरली नाही. निघताना पुढच्या चाकांच्या कळा मी स्वतः फिरवल्या. नोंदणी केंद्रावर वजन भरलं सातशे बावीस पौंड. तिथल्या माणसाने विचारलं, "मारला कुणी?" रोझेरने छाती फुगवून सांगितलं, "मठात शिकलेल्या बाईने."

१२ ऑक्टोबर

रोझेर सूप प्यायला आला. मी वाडगा त्याच्या हाताला लागेल असा ठेवला. त्याने तो धरला आणि जरा थांबला.

"बँगोरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कधी जायचंय?" मी विचारलं. "मी नेईन."

"लिझेटने सांगितलं?"

"नाही."

त्याने सूप ढवळलं. "सोमवारी. जीपने नेणार?"

"जीपने नेलं तर तुझा मणका अर्ध्या रस्त्यात उतरेल."

हसला. मीही हसले. तो माझ्यासोबत आला ही केवढी कृपा. आणि मी काही न विचारता त्याला घेऊन गेले, तीसुद्धा.

१४ ऑक्टोबर, शनिवार

सोमवारी मी रोझेरबरोबर बँगोरला असेन, तेव्हा कसायाकडून मांस लिझेट इकडे येऊन आणेल. तिच्यासाठी यादी इथे लिहून पाहते, मग चांगल्या अक्षरात उतरवीन.

फर्नां आणि थेरेझ: मागचा एक पाय अख्खा. त्याचा भाऊ धरून. नको म्हणतील, ओसरीवर ठेवून निघून ये.

फादर: रस्स्याचे तुकडे. चांगलं मांस देऊ नकोस, तो सगळंच उकडतो.

मिस एलियट: पातळ कापांच्या चार पुड्या, आणि सांग की गाडी खरंच फार आवडली होती.

रॅन्डल: कीम्याची एक पुडी. पुठ्ठा त्याने दिला होता.

तू: पाठीच्या मऊ मांसाचा अर्धा भाग आणि हवा तेवढा कीमा. बंदुकीबद्दल फोनवर सांगितलंस त्याबद्दल आणखी एक पुडी.

रोझेर: जीभ, काळीज, मऊ मांसाचा उरलेला अर्धा भाग, कीमा, रस्स्याचे तुकडे. त्याच्या पुड्यांवर चिठ्ठ्या चिकटवू नकोस. सुतळी बांध. कीम्याला एक गाठ, रस्स्याला दोन, मऊ मांसाला तीन. जीभ आणि काळीज गाठीशिवाय, ते तो आकारावरून ओळखेल. गाठी मोठ्या मार, लिझेट. फ्रीझरमध्ये बोटं गारठतात.